एका बाईच्या पाच वह्या

"तिकडे म्हणे फोन उचलणारी बाई डॉक्टरला मार्क देते, हे खरं का हो?" असा प्रश्न मला गेल्या आठवड्यात जत तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात विचारण्यात आला. विचारणाऱ्या सिस्टर आता निवृत्तीला आल्या आहेत. एमबीबीएस झाल्यावर शासकीय बंधपत्राचे एक वर्ष मी याच केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून काढले, तेव्हा प्रसूतीची खोली त्याच सांभाळत असत आणि खरे सांगायचे तर मलाही त्याच सांभाळत असत. पुढे प्लॅबची, म्हणजे परदेशी डॉक्टरांना ब्रिटनमध्ये काम करण्यासाठी द्यावी लागणारी, परीक्षा देऊन मी इंग्लंडला गेलो. दोन वर्षे रुग्णालयात, तीन वर्षे जीपीच्या प्रशिक्षणात गेली आणि आता तीन वर्षांपासून लँकेशायरमधील एका लहान गावात मी जीपी, म्हणजे तिकडचा फॅमिली डॉक्टर, म्हणून काम करतो. सुटीवर तासगावला घरी आलो की एक दिवस जतला जायचे, हा नेम मी अजून मोडलेला नाही.

सिस्टरना मी सांगितले की ऐकले ते खरे आहे, फक्त त्याला मार्क म्हणत नाहीत. प्रशिक्षणाच्या काळात शिकाऊ जीपीबद्दल त्याच्या सहकाऱ्यांचा लेखी अभिप्राय मागवला जातो आणि तो केवळ डॉक्टरांकडून घेऊन चालत नाही. नर्स आणि फार्मासिस्ट यांच्याबरोबरच स्वागतकक्षात बसणारे, पत्रे टंकित करणारे, कार्यालय पाहणारे असे बिगरवैद्यकीय लोकही त्यात असावेच लागतात. कोणी काय लिहिले ते कळत नाही. माझ्या पहिल्याच अभिप्रायात कोणीतरी लिहिले होते की, रुग्णाबद्दल काही सांगायला गेले तर हे डॉक्टर संगणकाच्या पडद्यावरची नजर काढत नाहीत, त्यामुळे अर्धवट सांगून परत यावे लागते. मला राग आला. ज्या वातावरणात मी डॉक्टर झालो तिथे खिडकीवर केसपेपर काढणारा माणूस डॉक्टरच्या वागण्याविषयी लेखी मत देईल, ही कल्पनाही कोणाला सुचली नसती. पण राग ओसरल्यावर जास्त बोचले ते हे, की हीच तक्रार मी आधी एकदा ऐकली होती आणि ती याच केंद्रात ऐकली होती.

तो प्रसंग सांगण्याआधी इथल्या वह्यांविषयी सांगावे लागेल. त्या वेळी आमच्या केंद्रात एका गरोदर बाईची नोंद किमान पाच ठिकाणी होत असे. आशाताईंच्या डायरीत ती पहिल्यांदा येई, बहुधा घरच्यांनी बाहेर कोणाला सांगण्याच्याही आधी. मग उपकेंद्रातील आरोग्यसेविकेच्या माता-बाल संगोपनाच्या रजिस्टरमध्ये, मग माझ्या ओपीडीच्या नोंदवहीत, हिमोग्लोबिन आणि लघवी तपासली की प्रयोगशाळेच्या वहीत, आणि लोहाच्या गोळ्या दिल्या की औषध वाटपाच्या वहीत. अंगणवाडीचे रजिस्टर यात धरलेलेच नाही. प्रत्येक वही नीट भरलेली असे, कारण तपासणीला आलेले अधिकारी आपापल्या खात्याची वही तेवढी पाहत. माता व बाल संरक्षण कार्ड हे सगळ्यांनी मिळून भरायचे एकच कार्ड होते हे खरे. पण ते बहुतेक वेळा घरी ट्रंकेत राही, आणि बरोबर आणले तरी गर्दीच्या ओपीडीत ते पिशवीतून काढायला मी कधी सांगितल्याचे आठवत नाही.

एका सोमवारी एक आशाताई आठवा महिना लागलेल्या एका गरोदर मुलीला घेऊन आल्या. जतचा पूर्व भाग कर्नाटकाला लागून आहे आणि तिथल्या कित्येक घरांत बोलणे कन्नडमध्येच चालते. मी तासगावचा असल्याने मला 'बरी', 'होगरी' (या, जा) यापलीकडे कन्नड येत नव्हते, म्हणजे त्या मुलीच्या आणि माझ्यामध्ये दुवा होता तो आशाताईंचाच. मी नेहमीचे दोन प्रश्न विचारले, त्यांनी दोन उत्तरे दिली, मी गोळ्या लिहिल्या आणि पुढचा केसपेपर ओढला. दुसऱ्या दिवशी रात्री तिला जीपमधून आणले तेव्हा डोके फुटेल असे दुखत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि रक्तदाब १७० वर ११० होता. गरोदरपणात रक्तदाब असा वाढला की झटके येऊ नयेत म्हणून देतात त्या मॅग्नेशियम सल्फेटची दहा ग्रॅमची मात्रा सिस्टरांनी, दोन्ही बाजूंना पाच-पाच ग्रॅम, माझे बोलणे पूर्ण होण्याआधीच भरून ठेवली होती. १०८ ची रुग्णवाहिका तिला घेऊन मिरजेकडे निघाली. आई आणि बाळ दोघेही वाचली.

नंतर मी आशाताईंना जरा चढ्या आवाजातच विचारले की, तिला त्रास होतो आहे हे आधी का सांगितले नाही. त्यांनी डायरी उघडून माझ्यापुढे धरली. 'पायावर सूज, दोन दिस डोकं दुखतंय' असे सोमवारच्या तारखेखाली लिहिले होते. "सांगतच होते की सर," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही वर बघितलंच न्हाई."

रुग्णाचा रक्तदाब न मोजता गोळ्या लिहून देणे ही माझी चूक होती. गर्दी होती, वय चोवीस होते, या सबबींना फारसा अर्थ नाही. परंतु तो दोष बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. आजाराची खूण ओळखणारी व्यक्ती जागेवर हजर होती, तिने ती ओळखली होती, लिहूनही ठेवली होती, आणि तरीही ती माझ्यापर्यंत पोहोचली नाही, कारण तिची वही वेगळी आणि माझी वही वेगळी होती, आणि मला मध्येच थांबवण्याची मुभा तिला कोणी दिलेली नव्हती.

इंग्लंडमधील आमच्या दवाखान्यात गेल्यावर पहिले काही दिवस मला एकही रुग्ण तपासू दिला नाही, तेव्हा मला तो वेळेचा अपव्यय वाटला होता. दोन दिवस स्वागतकक्षात बसायचे आणि कानाला दुसरा हेडफोन लावून सकाळी आठ वाजता सुरू होणारे फोन ऐकायचे. एक दिवस नर्सबरोबर मधुमेह आणि दम्याच्या तपासण्या पाहायच्या. एक दिवस रक्त काढणाऱ्या मदतनिसाबरोबर. एक सकाळ फार्मासिस्टबरोबर. एक दुपार घरोघरी जाऊन जखमा धुणाऱ्या डिस्ट्रिक्ट नर्सच्या गाडीत. तीन वर्षांत मी जे शिकलो त्यातले निम्मे या काही दिवसांत शिकलो असे म्हटले तर माझ्या प्रशिक्षक बाईंना ते फारसे आवडणार नाही, पण ते खोटेही नाही. स्वागतकक्षात बसल्यावर कळते की 'साधा खोकला आहे' असे सांगणाऱ्या माणसाचा श्वास फोनवर ऐकू येतो, आणि तो कोणाला ऐकू येतो यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

तिथे रुग्णाची नोंद एकच असते. संगणकावरील त्या एकाच नोंदीत डॉक्टर लिहितो, नर्स लिहिते, फार्मासिस्ट लिहितो, रक्त काढणारी मदतनीस लिहिते, आणि स्वागतकक्षातील बाईही लिहिते. सगळ्यांचे लिखाण तारखेनुसार एकाखाली एक येते. डॉक्टरचे वर आणि इतरांचे खाली असा प्रकार नसतो. एका वृद्ध बाईंच्या नोंदीत मी एकदा स्वागतकक्षाची टीप वाचली (तपशील थोडा बदलला आहे): या आठवड्यात तिसऱ्यांदा त्याच गोळ्यांसाठी फोन केला, आधी दोनदा दिल्याचे आठवत नाही, एरवी फार व्यवस्थित असतात. मी त्यांना गुडघ्यासाठी तपासणार होतो. ती टीप नसती तर दहा मिनिटांत गुडघाच तपासला असता. स्मृतिभ्रंशाची तपासणी सुरू झाली ती त्या तीन ओळींमुळे. त्या ओळी लिहिणाऱ्या बाईंनी गावात तीस वर्षे काढली आहेत, आणि माझ्याविषयीचा तो अभिप्राय त्यांचाच असावा असा माझा दाट संशय आहे. विचारण्याचे धाडस अजून झालेले नाही.

फार्मासिस्टची गोष्ट थोडी अधिक तपशिलाने सांगतो, कारण इथल्या वाचकांना फार्मासिस्ट म्हटले की दुकानाच्या काउंटरपलीकडे उभा असलेला माणूस दिसतो. आमच्या दवाखान्यातील फार्मासिस्ट बाईंना स्वतःची खोली आहे, त्या रुग्ण तपासतात, रक्तदाबाची औषधे स्वतःच्या सहीने बदलतात. ब्रिटनमध्ये जादा प्रशिक्षण घेतलेल्या नर्स आणि फार्मासिस्ट यांना २००६ पासून जवळपास सर्व औषधे स्वतंत्रपणे लिहून देता येतात. प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यात मी सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांना सांधेदुखीसाठी नेप्रॉक्सेन लिहिले. अर्ध्या तासाने दारावर टकटक झाली. त्या आत आल्या, मला पहिल्या नावाने हाक मारली आणि म्हणाल्या, "हे गृहस्थ रॅमिप्रिल घेतात आणि लघवीची गोळीही घेतात. मी थांबवले आहे. दोन मिनिटे आहेत का?"

त्यांनी माझ्याच टेबलावरच्या कागदावर मूत्रपिंडातील गाळणीचे चित्र काढले. गाळणीत रक्त आणणारी एक बारीक नळी, बाहेर नेणारी दुसरी. नेप्रॉक्सेनसारखे वेदनाशामक आत आणणारी नळी आवळते, रक्तदाबाचे रॅमिप्रिल बाहेर नेणारी नळी सैल करते, आणि लघवीची गोळी अंगातील पाणीच कमी करते. तिन्ही एकत्र आली की गाळणीतील दाब पडतो आणि त्यात माणसाला दोन दिवस जुलाब झाले तर मूत्रपिंड बसते. हे सगळे मी औषधशास्त्राच्या परीक्षेत लिहिले होते आणि त्याचे गुणही मिळवले होते. रुग्णासमोर बसल्यावर ते आठवले नव्हते. पुढच्या गुरुवारी प्रशिक्षक बाईंनी माझ्या शिकवणीचा तास स्वतः न घेता त्या फार्मासिस्टकडे सोपवला.

जतलाही फार्मासिस्ट होते आणि तेही हुशार होते. माझी चिठ्ठी चुकली की ते रुग्णाला बाकावर बसवत आणि शिपायाबरोबर निरोप पाठवत: "साहेबांना म्हणावं, एकदा बघून घ्या." मी बघत असे, खोडत असे, कागद परत जाई. चूक दुरुस्त होत होती, त्यामुळे रुग्णाचे नुकसान टळत होते, हे मान्य केलेच पाहिजे. पण वर्षभरात त्यांनी माझ्या किती चिठ्ठ्या परत पाठवल्या आणि का, याबद्दल आम्ही दोघे समोरासमोर एकदाही बोललो नाही. त्यांना ते अवघडल्यासारखे वाटले असते आणि मला अपमानासारखे.

सकाळी अकरा वाजता आमचा दवाखाना वीस मिनिटे थांबतो. वेळापत्रकात ती जागा कोरी ठेवलेली असते, तिथे रुग्णाची वेळ देता येत नाही. स्वयंपाकघरात किटली असते, कोणाच्या तरी वाढदिवसाचा उरलेला केक असतो, आणि सकाळी जे अडले ते सगळे तिथे येते. सांगलीच्या माणसाला त्या कॉफीविषयी फार काही चांगले लिहिता येणार नाही. परंतु नर्स त्या वेळी सहज म्हणते की, अमक्यांची पायाची जखम सहा आठवडे झाले तरी भरत नाही, मला ती साधी वाटत नाही. आणि कोणीतरी लगेच उठून पाहून येते. जतला महिन्याची सभा होत असे. तिथे लसीकरणाचे, शस्त्रक्रियांचे, थुंकी नमुन्यांचे उद्दिष्ट आणि साध्य वाचले जाई, आणि मागे राहिलेल्या उपकेंद्राला उभे केले जाई. एखाद्या रुग्णाचे नाव घेऊन सगळ्यांनी मिळून विचार केल्याचे मला आठवत नाही.

सिस्टरना मी आणखी एक गोष्ट सांगितली, ती म्हणजे नर्सने डॉक्टरला फोन कसा करायचा याची तिकडे शिकवलेली पद्धत. आधी सध्या काय घडते आहे ते सांगायचे, मग मागची हकीगत, मग आपल्याला काय वाटते ते, आणि शेवटी काय करायला हवे ते. ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून अमेरिकेतील रुग्णालयांत आली आणि तिथून जगभर पसरली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एसबार म्हणतात. सिस्टर नीट ऐकत होत्या. "म्हणजे 'सर, काय करू?' असं विचारायचं नाही," त्या म्हणाल्या, "'सर, हे करायला पाहिजे' असं म्हणायचं?" मी होय म्हटले. "ते आम्ही मनात म्हणतोच," त्या म्हणाल्या आणि हसल्या. त्या रात्री भरून ठेवलेल्या सिरिंजा आम्हा दोघांनाही आठवल्या असाव्यात.

वेगवेगळ्या व्यवसायांतील लोकांनी एकमेकांबरोबर, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकावे, हा विचार ब्रिटनमध्ये १९८७ पासून केप नावाची संस्था मांडत आली आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये त्यासाठी एक आराखडाच प्रसिद्ध केला. आमच्या दवाखान्यात वैद्यकीय विद्यार्थी, नर्सिंगचे विद्यार्थी आणि शिकाऊ फार्मासिस्ट एकाच आठवड्यात येतात तेव्हा एक तास तिघांना एकत्र बसवतात आणि एकाच रुग्णाची औषधांची पिशवी त्यांच्यापुढे रिकामी करतात. मी जिथे शिकलो तिथे नर्सिंगच्या मुली त्याच वॉर्डात, त्याच खाटेच्या पलीकडच्या बाजूला उभ्या असत. साडेचार वर्षांत आम्हाला एकत्र कोणी काही शिकवले नाही. पुढे एकत्र काम करायचे आहे ही गोष्ट कोणालाही आधी सांगण्याजोगी वाटली नसावी.

एवढे वाचून इंग्लंडमध्ये सगळे आलबेल आहे असा समज होऊ नये. दवाखान्यात इतक्या प्रकारची माणसे एकत्र आली ती सद्भावनेपेक्षा गरजेतून आली. जीपी पुरेसे मिळेनात, म्हणून २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये शेजारशेजारचे दवाखाने तीस ते पन्नास हजार लोकसंख्येच्या गटांत जोडले गेले आणि फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, एकाकी लोकांना मंडळे-उपक्रमांशी जोडून देणारे कार्यकर्ते अशांच्या पगारासाठी वेगळा निधी दिला गेला. तो निधी जीपीच्या पगारासाठी वापरता येत नव्हता, त्यामुळे पुढे नवे जीपी कामाच्या शोधात आणि दवाखाने निधी असून हात बांधलेले, असे चित्र दिसू लागले. २०२४ मध्ये ती अट नव्या जीपींपुरती सैल करावी लागली. फिजिशियन असोसिएट हे नवे पद तर मोठ्या वादाचे कारण झाले. डॉक्टर नसलेली व्यक्ती आपल्याला तपासते आहे हे रुग्णाला कळत नाही, असा आक्षेप होता, आणि प्राध्यापक लेंग यांच्या २०२५ च्या आढावा अहवालाने त्यांना असोसिएट न म्हणता असिस्टंट म्हणावे अशी शिफारस केली. मला ती योग्य वाटते. कोण काय करू शकतो आणि काय नाही, हे रुग्णाला आणि सहकाऱ्यांना स्पष्ट नसेल तर माणसे वाढून गोंधळ वाढतो. शिवाय घरोघरी जाणाऱ्या नर्सची संगणक प्रणाली आमच्यापेक्षा वेगळी आहे, म्हणजे पाच वह्यांचा प्रकार तिथेही थोडाबहुत आहेच. डॉक्टरसाठी फोन केला आणि फार्मासिस्ट मिळाली, म्हणून चिडलेले आजोबा मला दर आठवड्याला भेटतात.

आणि हा विचार विलायतेतून आणण्याची आपल्याला काही गरज होती असेही नाही. प्राथमिक आरोग्यसेवेत डॉक्टर, नर्स, सुईणी आणि गावपातळीवरील कार्यकर्ते यांनी एक आरोग्य-संघ म्हणून काम करावे, असे १९७८ च्या अल्मा-आटा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेच्या जाहीरनाम्यात नमूद आहे, आणि त्याच्याही आधी, १९७० मध्ये, आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेडला गावातल्या अल्पशिक्षित बायकांना हाताशी धरून ते करायला सुरुवात केली होती. आशा कार्यकर्त्या २००५ मध्ये आल्या, उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी २०१८ नंतर आले. माणसांची यादी पाहिली तर आपला संघ लँकेशायरपेक्षा लहान नाही. सपाटीवर तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा आपला निकष आहे, आणि त्या प्रत्येक घरात कोण आहे हे जाणणारे कोणीतरी आपल्याकडे आहे. माझ्या इंग्लंडमधील गावात कुठल्या घरात कोण गरोदर आहे हे घरोघरी फिरून जाणणारे कोणीही नाही. आपल्याकडे एवढी माहिती असून ती वापरण्याची वाट अरुंद ठेवली आहे, असे मला वाटते.

त्या दिवशी सिस्टरांचा निरोप घेऊन मी शेजारच्या गावातील अंगणवाडीत गेलो. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिन होता. आरोग्यसेविका लसीची पेटी उघडून बसल्या होत्या, अंगणवाडीताई मुलांची वजने घेत होत्या, आणि त्या जुन्या आशाताई दारात उभ्या राहून कोण अजून आले नाही ते पाहत होत्या. नवीन वैद्यकीय अधिकारी, एक तरुण डॉक्टर मॅडम, त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, तुमच्या वहीत आधी बघू, मग मी बोलावते." आशाताईंनी सांगितले की या मॅडम दर वेळी डायरीपासूनच सुरुवात करतात. असे करा म्हणून वरून काही परिपत्रक आले आहे का, असे मी मॅडमना विचारले. नाही म्हणाल्या, इंटर्नशिपमध्ये एका सिस्टरांनी त्यांना तशी सवय लावली होती.

गर्दी ओसरल्यावर मी आशाताईंना तिकडच्या स्वागतकक्षातील बाईंविषयी आणि त्यांच्या त्या तीन ओळींविषयी सांगितले. त्यांना ते फारसे नवल वाटले नाही. "म्हातारी माणसं आधी औषधंच इसरतात," त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "त्या बाईला म्हैन्याला पगार आसतो, का आमच्यागत कामावर मोबदला?"

पगार असतो, रजा असते, निवृत्तिवेतनही असते, असे मी सांगितले. त्यांनी मान डोलावली, डायरीत बोट घालून ठेवलेले पान उघडले आणि न आलेल्या दोन बाळांच्या घरी जायला निघाल्या. मॅडमनी त्यांना हाक मारून थांबवले आणि त्यातल्या एका बाळाच्या आईचा रक्तदाबही बघून या म्हणून यंत्र त्यांच्या पिशवीत ठेवले.